एकतीस बाटल्यांची खुशाली

मे महिन्यात असोद्याला दुपारी बारा ते चार कोणी कोणाशी भांडतसुद्धा नाही. भांडायचं तर अंगात जोर लागतो, आणि तो सगळा उन्हानं ओढून घेतलेला असतो. रविवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, दीपमाला अशा वेळी माडीवरच्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची आणि पाय पसरून फरशीवर बसायची. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत पंचवीस. मधे फक्त एक दार आणि एक जुना, कुरकुरणारा एसी.

खोलीत माणसाच्या सोयीचं काही नव्हतं. एक लोखंडी मांडणी, तिच्या प्रत्येक फळीवर पांढऱ्या ट्यूबलाईट, आणि त्या उजेडात ओळीनं ठेवलेल्या काचेच्या बाटल्या. मोजून एकतीस. प्रत्येकीच्या तळाशी बोटभर पारदर्शक जेली आणि जेलीत रोवलेलं केळीचं इवलंसं रोप. त्या रोपांना वारा माहीत नव्हता, माती माहीत नव्हती, दिवस कुठला नि रात्र कुठली तेही ट्यूबलाईट सांगेल तसं. दीपमाला त्यांच्याकडे बघत बसली की तिचे डोळे जड व्हायचे. तिला वाटायचं, ही झोपलेली आहेत आणि झोपेतच मोठी होताहेत. आपण मोठ्यानं श्वास घेतला तर कूस बदलतील. मग ती हळूच श्वास घ्यायची आणि तसाच घेता घेता तिलाच डुलकी लागायची.

आता तुम्ही म्हणाल, केळी काय जळगावात कमी आहेत, की एकतीस रोपांसाठी एसी जाळायचा? असोद्याच्या चारी बाजूंना नजर टाका, केळीच केळी. बरोबर आहे तुमचं. पण ही केळ दुसरीकडे कुठंच नव्हती.

दीपमाला मूळची पाचोऱ्याची. बारावी सायन्स झाली, अभिमनशी लग्न होऊन असोद्यात आली आणि जळगावच्या एका टिश्यूकल्चर लॅबमध्ये लागली. केळीच्या कोंबाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, बाटलीत वाढवायचा, मग कापून एकाचे दोन करायचे, दोनाचे चार. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं. तोंडाला मास्क, एका हातात चिमटा, दुसऱ्यात सुरी. रस्त्यानं जाताना कुठं बागेत घड लटकलेला दिसला की अभिमन तिला चिडवायचा, "बघ, तुझं नातवंड."

अभिमन एस.टी.त कंडक्टर. त्याची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी कुठल्यातरी लांबच्या गावाला गाडी जाते, रात्री तिथंच थांबते आणि सकाळी पहिल्या फेरीला परत निघते. लग्न झाल्यापासून त्याचा एक नेम होता. गाडी मुक्कामाला पोचली, की घरी एक मिस कॉल. एक रिंग वाजायची आणि बंद. म्हणजे पोचलो, जेवतो, झोपतो, काळजी नसावी. घरात कोणी फोन उचलायचं नाही. उचलला तर तोच रागवायचा. आणि त्या एका रिंगवर घरातल्या दोन बायका जेवायला बसायच्या.

दुसरी बाई म्हणजे भागाबाई, अभिमनची आई. तिचं माहेर धुळ्याजवळचं. असोद्यात तिला पंचेचाळीस वर्षं झाली, पण बोली काही असोद्याची झाली नाही. गावातल्या बायका हसायच्या. ती म्हणायची, मी केळ इथं लावली, जीभ नाही लावली. आणि ते खरंच होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापानं गोणपाटात गुंडाळून एक मुनवा दिला होता, केळीच्या बुंध्याशी फुटतो तो कोंब. दुसरं द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. भागाबाईनं तो न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला. त्याची फळं आखूड, जाड सालीची, आधी जरा आंबूस आणि मग अशी गोड की खाणाऱ्यानं बोलणं थांबवावं. बाजारात या केळीला कोणी विचारलं नसतं. हिला नावही नव्हतं. घरात सगळे "बाईची केळ" म्हणायचे. एक खोड जायचं, त्याच्या बुडाशी दुसरं यायचं. माहेरचं गाव धरणाखाली नाही गेलं, कुठं नाही गेलं, पण तिथली ती केळ मात्र कधीच संपली होती. उरली ती फक्त असोद्याच्या न्हाणीपाशी.

मग परवाच्या साली आला हरण्या. केळीवाल्यांना सांगायला नको. पानांवर पिवळे पट्टे उठतात, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, आणि एका झाडाला झाला की शेजारच्याला होतो. उपटून गाडण्याशिवाय इलाज नाही. अख्ख्या शिवारात लोक बागा उपटत होते. भागाबाईच्या केळीलाही पट्टे दिसले, त्या दिवशी अभिमननं कुदळ घेतली आणि म्हातारी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दीपमालानं एक मुनवा बाजूला काढला, ज्याच्यावर डाग दिसत नव्हता. साहेबांचे पाय धरावेत इतक्या विनवण्या करून तो लॅबमध्ये तपासून घेतला. स्वच्छ निघाला. त्याच्या अगदी गाभ्यातला तुकडा तिनं बाटलीत घातला, आणि त्या एकाचे करत करत एकतीस झाले. लॅबमध्ये खासगी बाटल्या ठेवायची परवानगी संपली तेव्हा माडीवर मांडणी आली, एसी आला. भागाबाईला तिनं सांगितलं, पावसाळ्यानंतर न्हाणीपाशी पुन्हा तुमची केळ. तोवर आत यायचं नाही, हात लावायचा नाही. हाताबरोबर बुरशी जाते.

म्हातारी बिचारी दाराशी यायची आणि विचारायची, "मनी केळ कशी शे?"

"बरी आहे, आत्या."

"बठ्ठी?"

"सगळी. एकतीसच्या एकतीस."

सगळा जीव तापमानात होता. अठ्ठावीसच्या वर फार वेळ गेलं की रोपं कोमेजणार, पस्तीसच्या वर गेलं की बाटलीतच शिजणार. आणि दीपमाला दिवसभर जळगावला. म्हणून तिनं लॅबनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला, मांडणीशेजारी ठेवला, त्याला तापमान बघणारं छोटं यंत्र आणि एक कॅमेरा जोडला. दर तासाला बाटल्यांचा फोटो, दर पाच मिनिटांनी खोलीची डिग्री, सगळं त्या मशीनमध्येच साठायचं. घरच्या वायफायवर मोबाईलमध्ये बघता यायचं, बाहेरून नाही. असल्या नोंदी आपल्याकडे ठेवून घेणाऱ्या कंपन्या असतात म्हणे. दीपमालाला ते पटेना. केळ आपल्या घरची, मग तिची वही दुसऱ्याच्या घरी कशाला? हे सगळं ती व्हिडिओ बघून बघून, चुकत चुकत शिकली होती. आता एकच राहिलं होतं. खोली तापली तर मशीननं आपल्याला कळवायला हवं, आपण कुठंही असलो तरी. म्हणजे मेल.

त्या मेलनं तिचे तीन रविवार खाल्ले.

पहिल्या रविवारी तिला कळलं की घरच्या मशीननं स्वतःहून टाकलेला मेल मोठे सर्व्हर घेतच नाहीत, दारातूनच परत लावतात. ओळखीच्या खात्यातून पाठवावा लागतो. मग आपलंच मेलचं खातं तिथं भरायचं. सर्व्हरचं नाव काय, पोर्टचा आकडा काय, पाठवणारा कोण, घेणारा कोण. पोर्टचा एक आकडा चुकला आणि मशीन संध्याकाळपर्यंत "जोडणी झाली नाही" एवढंच म्हणत राहिलं. दुसऱ्या रविवारी जोडणी झाली, पण पासवर्ड नाकारला. तिनं दहा वेळा टाकला. अकराव्यांदा मोबाईलवर इशारा आला, की तुमच्या खात्यात कोणीतरी शिरायचा प्रयत्न करतंय. कोण मेला माझ्या खात्यात शिरतोय म्हणून ती पाच मिनिटं घाबरून बसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तो चोर म्हणजे आपणच. तिसऱ्या रविवारी समजलं, की मशीनला आपला नेहमीचा पासवर्ड द्यायचाच नसतो. त्याच्यासाठी सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढून द्यायचा. तो दिला. टेस्ट मेल पाठवला. मशीन म्हणालं, गेला. मोबाईल म्हणाला, काही आलं नाही. ती जिन्यात बसून राहिली. शेवटी स्पॅममध्ये बघितलं तर लॉटरी लागलेल्यांच्या आणि कर्ज वाटणाऱ्यांच्या गर्दीत तिचा मेल अंग चोरून उभा होता. तिनं त्याला तिथून बाहेर काढलं आणि मोबाईलला सांगितलं, हा आपल्या घरचा आहे, याला पुन्हा तिकडे टाकू नकोस.

पुढच्या आठवड्यात उलटंच झालं. अठ्ठावीसचा नियम लावला होता, आणि एसी जरा दम खायला थांबला की मशीन कळवायचं. एका दिवसात एकशे चाळीस मेल. लॅबमधल्या बायका म्हणू लागल्या, "दीपाताई, माडीवरून पुन्हा पत्र आलं गं." मग तिनं नियम सुधारला. खोली सलग अर्धा तास तापलेली राहिली, तरच मेल. नाहीतर गप्प बसायचं.

मशीन गप्प बसलं. आणि ते गप्प बसणं दीपमालाला फार आवडायला लागलं. लॅबमध्ये हात चालू असायचे, खिशातला मोबाईल शांत असायचा, आणि तिच्या डोळ्यांसमोर ती पांढऱ्या उजेडाची खोली यायची, जिथं कोणी नाही आणि एकतीस जीव निवांत वाढताहेत. बसमध्ये खिडकीशी डोकं टेकलं की तीच खोली. कधी त्या खोलीला छत नसायचं, कधी बाटल्या नसायच्या, नुसतीच पानं डोलत असायची. मेल नाही म्हणजे सगळं ठीक. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यावर विसंबून ती इतकं सुखात कधी जगली नव्हती.

एक सांगायला हवं. घरात इन्व्हर्टर होता, पण तो खालच्या दोन पंख्यांपुरता. माडीचा एसी, ट्यूबलाईट, कॉम्प्युटर, वायफायचा डबा, सगळं थेट मेन लाईनवर. लाईट जायची, अर्ध्या तासात यायची, मशीन आपोआप उठायचं, एसी कुरकुरत चालू व्हायचा. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बुद्धपौर्णिमा झाल्यावर भागाबाईच्या भावाच्या नातीचं लग्न निघालं, धुळ्याजवळ, तिच्या माहेरी. अभिमनला सुटी मिळाली नाही, घर बंद म्हणून तीन दिवस तो जळगावच्या डेपोतच राहणार होता. दीपमालानं तीन दिवसांची रजा टाकली, मशीन तपासलं, एक टेस्ट मेल पाठवून बघितला, आला. घराला कुलूप लावलं. किल्ली भागाबाईच्या कमरेच्या पिशवीत. दोघी निघाल्या.

लग्न छान झालं. मांडवात त्रिसरण-पंचशील झालं, फुलं पडली, वरणबट्टी आणि वांग्याच्या भाजीवर लोक तुटून पडले. भागाबाई माहेरच्या बायकांत बसून अशी बोलत होती, की दीपमालाला निम्मं कळत नव्हतं आणि तरी ऐकत राहावंसं वाटत होतं. मधे मधे ती मोबाईल काढून बघायची. मेल नाही. बरं आहे. पुन्हा आत ठेवायची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर दोघी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. साडेसहा झाले, सात झाले. अभिमनची गाडी साडेसहाला मुक्कामाला पोचायची.

"अभिमनना फोन ऊना का?" भागाबाईनं विचारलं.

"नाही ना, आत्या."

पाच मिनिटांनी म्हातारीनं पुन्हा विचारलं. मग दीपमालालाच राहवेना. ती उठली, अंगणात चार फेऱ्या मारल्या, फोन हातातच. इतक्या वर्षांत दोनतीनदाच असं झालं होतं. नको नको ते मनात यायला लागलं. सव्वासातला एक रिंग वाजली आणि बंद झाली. दीपमाला मटकन बाजेवर बसली. टायर बसलं असेल, नाहीतर फाटक लागलं असेल. पोचला ना, बस.

भागाबाई तिच्याकडे बघत होती. मग अगदी सहज म्हणाली, "पोऱ्यानं कळावं नही तं तुना जीव खाले-वर व्हस. आन तठे मनी केळ दोन दिन गप शे, तं तू म्हनस बरं शे. असं कसं वं?"

दीपमालानं हातातल्या मोबाईलकडे बघितलं. अभिमन गप्प राहिला म्हणून आपण अर्धमेल्या झालो, आणि मशीन गप्प आहे म्हणून आपण खुश? मशीन बोलत नाही याचा अर्थ खोली थंड आहे असा होतो. आणि मशीनच बंद पडलंय असाही होतो. एसी आणि मशीन एकाच तारेवर आहेत. लाईट गेली तर दोन्ही एकदमच जाणार. मग मेल पाठवणार कोण? एवढी एकोणीस वर्षं लॅबमध्ये काढली, आणि एवढं कळू नये.

तिनं शेजारच्या मोहिनीला फोन लावला.

"जय भीम, वहिनी," मोहिनी म्हणाली. "काय सांगू, जीव नकोसा झालाय. काल दुपारी आपल्या गल्लीची डीपी जळाली. कालपासून लाईटच नाही. आज येते, उद्या येते म्हणतात."

काल दुपारी. दीपमालानं बोटांवर तास मोजले आणि तिसाच्या पुढे मोजलेच नाहीत. स्लॅबखालची बंद खोली, मे महिना. तिला रडू फुटलं आणि रडतच ती म्हणाली, "कुलूप तोडा. बाटल्या कुठंतरी थंड ठेवा. कुठंही."

कुठं ठेवणार? गल्लीत कोणाकडे फ्रिज चालू नव्हता. आणि फ्रिजमध्ये ठेवून चालणारही नव्हतं, तिथं रोपं गारठून मरतात. दीपमालाला काही सुचेना. तेव्हा भागाबाई म्हणाली, "झुलालनी हीरमा सोडाले सांग. आमनं लोणी उन्हायामा हीरमाच ऱ्हाये."

झुलाल म्हणजे मोहिनीचा नवरा. गावाबाहेर त्याची जुनी विहीर होती, बोअर झाल्यापासून कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, पण तळाला पाणी होतं. म्हातारी म्हणत होती ते हेच, की फ्रिज नव्हते तेव्हा लोणी टोपलीत घालून विहिरीत सोडायचे, पाण्याच्या हातभर वर. तिथं उन्हाळाभर ना गरम, ना फार थंड. दीपमालानं मनातल्या मनात डिग्री लावून बघितली. सव्वीस, फार तर सत्तावीस. तिनं सासूकडे असं बघितलं, जसं ती लॅबच्या साहेबांकडेही कधी बघत नसे.

झुलालनं कुलूप तोडलं. बाटल्या केळीच्या क्रेटमध्ये गोणपाट घालून बसवल्या, मोहिनी मोटारसायकलवर मागे क्रेट मांडीवर धरून बसली, आणि दोरानं ते क्रेट अंधार पडता पडता विहिरीत सोडलं. हे सगळं दीपमालानं फोनवर ऐकलं. दोर कठड्यावर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकला.

पहाटेच्या पहिल्या गाडीत ती आणि भागाबाई बसल्या. अंमळ डोळा लागला की दीपमालाला विहीर दिसायची. आत पांढरा उजेड, ओळीनं ट्यूबलाईट, आणि कोणीतरी खालून विचारतंय, मनी केळ कशी शे. गाडी खड्ड्यात आदळायची, ती जागी व्हायची आणि शेजारी म्हातारी पापणी न लवता पुढे बघत असलेली दिसायची. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. दोघींपैकी एकीनंही पाणी प्यायलं नाही.

क्रेट वर आलं तेव्हा बाटल्यांच्या काचा दवानं भिजलेल्या होत्या. दीपमालानं पदरानं एकेक पुसली आणि कठड्यावर मांडली. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरीतलं रोप काचेसारखं पारदर्शक झालेलं, हात लावला तर विरघळेल असं. चौथी तशीच. मोहिनी आणि झुलाल बाजूला उभे होते. हिरवी निघाली ती चौदावी बाटली. मग आणखी काही. मांडणीची सगळ्यात खालची फळी, फरशीला लागून असलेली, तेवढी वाचली होती. नऊ.

"नऊ आहेत, आत्या," ती म्हणाली, आणि विहिरीच्या कठड्याला धरून रडली.

त्या दिवशी दुपारी डीपी बदलली. आंघोळ न करता दीपमाला मशीनसमोर बसली. वायरमन बोलावून मशीन आणि वायफाय इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलं, ते तर केलंच. पण खरा नियम तिनं वेगळा लिहिला. खोली तापो न तापो, काही होवो न होवो, रोज संध्याकाळी सातला मशीननं मेल पाठवायचाच. तो नाही आला, की समजायचं काहीतरी झालं आणि हातातलं टाकून धावायचं. मेल दोघांना, तिला आणि अभिमनला. मजकूर तिनं सासूच्या शब्दांत लिहिला, "बठ्ठं बरं शे."

सातला तिचा मोबाईल वाजला. मशीनपासून ती दोन हातांवर बसली होती, तरी तिनं मेल उघडला आणि दाराशी बसलेल्या भागाबाईला वाचून दाखवला.

"बठ्ठं कसं बरं?" म्हातारी म्हणाली. "बावीस गयात ना."

खरं होतं. मशीनला डिग्री कळते, बाटलीत कोण जिवंत आहे ते कळत नाही. ते माणसानं बघावं लागतं. मग दीपमालानं मजकूर बदलला. रोज सकाळी लॅबला जाण्याआधी ती एकेक बाटली उजेडाला धरून बघायची, आकडा मशीनमध्ये टाकायची, आणि संध्याकाळी मेल यायचा, "बाटल्या नऊ. बरं शे." जूनमध्ये दोन बाटल्यांत बुरशी चढली. "बाटल्या सात. बरं शे." आषाढात आणखी दोन गेल्या. ज्या दिवशी आकडा उतरायचा, त्या दिवशी अभिमन मुक्कामाच्या गावी जेवायचा नाही, हे तिला फार उशिरा कळलं. त्यानं कधी सांगितलं नाही.

पाच उरल्या आणि पाचांना मुळं फुटली. पांढरी, दोऱ्यासारखी, जेलीत गोल गोल फिरलेली. ऑगस्टच्या एका सकाळी, ढगाळ हवा बघून, दीपमालानं ती रोपं बाटल्यांतून काढली. जेली कोमट पाण्यानं धुतली, ओल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, कपांत एकेक रोप बसवलं आणि कप न्हाणीशेजारी हिरव्या नेटखाली ठेवले. वरून प्लास्टिकची पिशवी उलटी घातली. आता महिनाभर इथं, मग मातीत. पण बाटली संपली होती. त्या रोपांना पहिल्यांदाच वारा लागला होता, जरासा, पिशवीच्या भोकातून. हे सगळं करता करता तिला लॅबला उशीर झाला. घाईघाईत तिनं मशीनमध्ये आकडा टाकला, खरा होता तो टाकला, आणि पळाली.

संध्याकाळी ती घरी येऊन न्हाणीपाशी टेकली. भागाबाई नेटखाली वाकून बसली होती. दोन वर्षं तिनं आपली केळ फक्त दारातून, काचेच्या पलीकडे बघितली होती, आणि डोळेही आता धड राहिले नव्हते. दीपमालानं एका कपावरची पिशवी काढली.

"आता हात लावा, आत्या. चालतं."

म्हातारीनं बोट पुढे केलं, मागे घेतलं, लुगड्याला पुसलं आणि पुन्हा पुढे केलं. पानाच्या कडेवरून ती ते बोट फिरवत राहिली. सातला तिच्या मोबाईलवर मेल आला, तो तिनं बघितलाही नाही.

लगेच फोन वाजला, आणि वाजतच राहिला. अभिमन होता. मागे गाडीचं इंजिन चालू होतं, माणसं बोलत होती, आणि त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दीपा, मेल आला. बाटल्या शून्य म्हणतोय. गेल्या का गं सगळ्या? माय कुठंय? मायला सांगितलं का?"

दीपमाला तोंड उघडणार, एवढ्यात भागाबाईनं डावा हात पुढे करून तिच्याकडून फोन मागून घेतला. उजवा पानावरच होता.

"अभिमन," ती म्हणाली, "मना हातमा शे."